थंडीत तिथे करायचं काय?

ऑनसाइटवर असलेल्या मराठी माणसाला एक गोष्ट चुकत नाही: आई-बाबांना बोलावून स्वित्झर्लंड दाखवणं. आमचे येताहेत डिसेंबरात, झुरिकला. मग ठरलं, तीन दिवस सेंट मॉरिट्झ. प्लॅनिंग अर्थातच माझ्याकडे, आणि माझं प्लॅनिंग अर्थातच एक्सेलमध्ये. तीन दिवस, अकरा ॲक्टिव्हिटीज.

बायकोनं शीट बघितली. "अरे, ही ट्रिप आहे की रिलीज प्लॅन?" मग तिनं 'आई-बाबा' या कॉलमवर बोट ठेवलं. अकरापैकी सात ओळींत मीच लिहिलं होतं, 'कॅफेत थांबतील'. बाबांच्या गुडघ्यांना स्कीइंग काय झेपणार?

वैतागून शनिवारी त्या गावाचा इतिहास वाचत बसलो. आणि गंमत म्हणजे, "थंडीत इथे करायचं काय?" हा प्रश्न तिथे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच पडला होता. तोही एका हॉटेलवाल्याला!

सेंट मॉरिट्झ समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० मीटर उंचीवर. लोक तिथे पूर्वीपासून जायचे ते खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी, आणि फक्त उन्हाळ्यात. हिवाळ्यात हॉटेलं रिकामी. गोष्ट अशी सांगतात की १८६४ च्या शरद ऋतूत योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकानं परत निघालेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली. हिवाळ्यात येऊन बघा. नाही आवडलं तर प्रवासखर्च माझा. आवडलं तर हवं तितकं राहा, फुकट. पाहुणे आले आणि थेट ईस्टरपर्यंत राहिले म्हणे. परतताना चेहरे उन्हानं रापलेले!

आता विचार करा, चार महिने तिथे ते करत काय असतील? सेंट मॉरिट्झला रेल्वे पोचली ती १९०४ साली, म्हणजे त्याच्या तब्बल चाळीस वर्षांनंतर. स्की-लिफ्ट वगैरे तर फारच लांबची गोष्ट. होतं काय? ऊन, बर्फ, गोठलेलं तळं आणि भरपूर वेळ.

पुढच्या हिवाळ्यांतल्या पाहुण्यांनी मग याच सामानातून खेळ काढले. तळ्यावर स्केटिंग. १८८० मध्ये कर्लिंग आलं, स्कॉटलंडहून. गावातली पोरं आणि माणसं ज्या घसरगाड्या सामान वाहायला वापरत, त्या घेऊन साहेब लोक गावच्या उतरत्या गल्ल्यांतून सुसाट सुटायचे. पायी चालणाऱ्यांचे हाल! शेवटी गल्ल्या सोडून त्यांच्यासाठी वेगळी वाट हवी झाली, आणि १८८४-८५ च्या हिवाळ्यात पाहुणे आणि हॉटेलवाले यांनी मिळून 'क्रेस्टा रन' ही बर्फाची घसरवाट बांधली. ती आजही दर हिवाळ्यात नव्यानं बांधतात. (१९२९ मध्ये तिथे बायकांना बंदी घातली ती २०१८ पर्यंत उठली नाही. हे ऐकल्यावर घरातून जी कमेंट आली ती इथे छापता येत नाही.)

स्कीइंगचं काय? ते तर त्यानंतर आलं. त्याच भागातलं दुसरं गाव दाव्होस. तिथे १८६५ पासून क्षयाचे रोगी हिवाळ्यात येऊ लागले. त्यांची ॲक्टिव्हिटी एकच: ब्लँकेटं गुंडाळून बाल्कनीत उन्हात पडून राहायचं. असाच एक नवरा आजारी बायकोला घेऊन तिथे राहिला होता. नाव आर्थर कॉनन डॉईल! डिसेंबर १८९३ मध्ये त्यानं शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलून मोकळं केलं होतं, हातात वेळ होता. त्यानं नॉर्वेहून स्की मागवल्या आणि २३ मार्च १८९४ ला दाव्होसच्या ब्रँगर बंधूंबरोबर खिंड ओलांडून आरोसा गाठलं. वाटेत एका उतारावर स्की निसटल्या आणि हा गडी पँटवर घसरत खाली आला. पुढे मासिकात लेख लिहून त्यानं भाकीत केलं, की एक दिवस शेकडो इंग्रज स्कीइंगसाठी इथे येतील.

तर मुद्दा असा, की आज ब्रोशरमध्ये सगळ्यात वर असलेली ॲक्टिव्हिटी तिथे सगळ्यात शेवटी आली. आणि सगळ्यात जुनी कुठली? उन्हात बसणं. जी मी 'कॅफेत थांबतील' म्हणून आई-बाबांच्या कॉलममध्ये ढकलली होती ती!

रात्री शीट उघडली आणि सात ओळी उडवल्या. दुपार रोज मोकळी, सगळ्यांची. तळ्याकाठी चालायचं, स्लेजवर बसायचं, बाकी ऊन.

मग घरी फोन केला. म्हटलं, "बाबा, तिथे दुपारी काही प्लॅन नाहीये. नुसतं बसायचंय."

"मग थर्मास आणतो," बाबा म्हणाले. मागून आईचा आवाज आला, "आणि पत्ते घ्या म्हणावं!"

बाराव्या ओळीत पत्ते लिहिलेत.