बॅले-वेशभूषा, एकोणिसाव्या शतकातील

यूरोपीय बॅले नर्तकींचा एकोणिसाव्या शतकातील पोशाख व त्याचा तत्कालीन स्त्रीवेशाशी असलेला संबंध. अठराव्या शतकात नर्तकी दरबारी थाटाचे जड, घेरदार झगे वापरीत. मारी कामार्गो (१७१०–७०) हिने पदन्यास दिसावा म्हणून झगा घोट्यांच्या वर घेतला. १८३२ मध्ये पॅरिस ऑपेरात सादर झालेल्या ‘ला सिल्फीद’ या बॅलेतील मारी ताल्योनीच्या पोशाखाने स्वच्छंदतावादी बॅलेचा वेश रूढ केला. त्यातील तंग चोळी, उघडे खांदे व निमुळती कंबर ही समकालीन फॅशनचीच होती. पांढऱ्या तलम कापडाचा अनेकपदरी, घंटाकृती झगा मात्र तिला अशरीरी रूप देई.

हे कापड गॅसच्या दिव्यांवर चटकन पेट घेई. अग्निरोधक प्रक्रियेने ते ताठर व मळकट होत असल्याने नर्तकी ती टाळीत. एमा लिव्ह्री हिनेही ती नाकारली होती. १८६२ मध्ये तालमीच्या वेळी तिचा झगा पेटला व पुढील वर्षी, वयाच्या विसाव्या वर्षी, ती मरण पावली.

१८५० नंतर समाजात पोलादी कड्यांचे परकर प्रचारात आले. बॅलेत घेर कापडाच्या थरांनीच साधला जाई. १८८५ मध्ये रशियात गेलेल्या व्हिर्जीनिया त्सुक्की या इटालियन नर्तकीने आखूड झग्याचा आग्रह धरला. अशा प्रकारे पाय मोकळे झाले, तरी कंबर काचोळीतच आवळलेली राहिली. पुढे ‘शेहेराझाद’साठी (१९१०) लेऑन बाक्स्टने योजिलेल्या पौर्वात्य धाटणीच्या पोशाखांचा पॅरिसच्या फॅशनवरच प्रभाव पडला.