मोटारहोमचा गिअर अडकतो तेव्हा...

चाकांवरचे घर म्हणजे मोटारहोम. युरोप-अमेरिकेत रुळलेली ही कल्पना महाराष्ट्रालाही आता अपरिचित नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तर परदेशात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे सुटीत अशी गाडी भाड्याने घेतात. मात्र वाटेत गिअर अडकला की या सुखाला गालबोट लागते. साधी मोटार कोणीही ओढून नेतो. साडेतीन टनांच्या आसपासचे स्वयंपाकघरासकट घर ओढायला मोठे वाहन लागते आणि त्या रात्रीचा निवाराही गॅरेजच्या दारात जातो. गिअर पडेना म्हटले की पहिला संशय गिअरबॉक्सवर येतो. तो उतरवायचा तर खर्च मोठा. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा लिव्हर आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या केबलमध्ये असतो. म्हणूनच गिअरबॉक्स उघडण्यास संमती देण्यापूर्वी केबल सोडवून तपासण्याचा आग्रह मालकाने धरला पाहिजे.

युरोपातील मोटारहोमसाठी फियाट ड्युकॅटो ही मालवाहू गाडी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. १९९४ च्या दुसऱ्या पिढीपासून तिचा गिअर लिव्हर जमिनीवरून डॅशबोर्डवर आला. हाताने बदलायच्या गिअरच्या या गाडीत दोन केबल असतात. लिव्हर डावी-उजवीकडे हलवला की पहिली केबल गिअरची जोडी निवडते. पुढे-मागे केला की दुसरी त्या जोडीतील गिअर टाकते. सायकलच्या ब्रेकची तार फक्त ओढते. ही केबल ओढतेही आणि ढकलतेही. त्यामुळे आतल्या पोलादी तारेला किंचित गंज लागला, भोवतीचे प्लॅस्टिकचे अस्तर वितळले किंवा बाहेरचे आवरण कुठे दुमडले, तर त्याचा परिणाम थेट हाताला जाणवतो.

लक्षणे नीट पाहिली तर निम्मे निदान जागेवरच होते. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण सुरू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नसल्याची शक्यता अधिक. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड असेल, तर केबलकडे वळावे. पुढे-मागे हालचाल ठीक, पण डावी-उजवीकडे लिव्हर हलत नाही, म्हणजे निवड करणारी केबल दोषी. लिव्हर अगदी सैल, निर्जीव झाला असेल तर केबलचे टोक निसटलेले असते. थंड सकाळी अडणारा आणि गाडी तापल्यावर मोकळा होणारा लिव्हर आवरणात पाणी शिरल्याचे सांगतो. कडाक्याच्या थंडीत ते पाणी गोठतेही. याउलट, गाडी तापल्यावरच लिव्हर जड होत असेल तर केबल एक्झॉस्टजवळून गेली आहे का, हे पाहावे. एकच गिअर पडत नसेल आणि बाकीचे सुरळीत असतील, तर मात्र दोष गिअरबॉक्सच्या आत असू शकतो.

यानंतर खरी कसोटी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावावेत, इंजिन बंद करावे. गाडी उचलावी लागलीच तर केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरू नये. गिअरबॉक्सवरील दोन्ही दांड्यांपासून केबलची टोके सोडवावीत. ही टोके बहुधा प्लॅस्टिकची असतात. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरने हिसका दिला की चिरतात. मग आतून लिव्हर हलवून पाहावा. तो अजूनही जड असेल तर गिअरबॉक्स निर्दोष सुटण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी गिअरबॉक्सच्या दांड्या हाताने हलवाव्यात. त्या न्यूट्रलमधून गिअरमध्ये स्पष्ट ‘खट्’ आवाजाने जायला हव्यात. उभ्या गाडीत दात समोरासमोर आल्याने एखादा गिअर पडत नाही, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. शेवटी लिव्हरकडचे टोकही सोडवले की दोष केबलचा की लिव्हरच्या यंत्रणेचा, याचाही निकाल लागतो.

आवरणात तेल सोडून केबल मोकळी करण्याचा उपाय अनेक मिस्त्री सुचवतात. तो मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरता ठीक. गंजलेली तार पुन्हा अडते आणि काही प्लॅस्टिक अस्तरांना खनिज तेल मानवतही नाही. त्यापेक्षा सिलिकॉनचे वंगण बरे. कायमचा इलाज नवी केबल हाच. दोन्ही एकदमच बदलाव्यात, कारण मजुरी जवळपास तीच लागते आणि एकीत शिरलेले पाणी दुसरीतही शिरलेले असते. जुनी केबल ओढून काढताना तिच्या टोकाला दोरी बांधली, तर नवी केबल त्याच वाटेने आणता येते. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातील रबरी बूट पूर्ववत बसवायला विसरू नये.

जोडणीही काटेकोर हवी. लिव्हर आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवूनच लांबी पक्की करायची असते. त्यात चूक झाली तर गिअर अर्धवट पडतो, चालत्या गाडीत निसटतो आणि मग चांगला गिअरबॉक्स खरोखरच झिजू लागतो.

पाणी कुठून आले, हा प्रश्न राहतोच. २००६ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या ड्युकॅटोत समोरच्या काचेखालच्या पन्हाळीतून पाणी इंजिनावर ठिबकत असल्याच्या तक्रारी युरोपात गाजल्या. तिथला पालापाचोळा काढणे हे काम पाच मिनिटांचे आहे. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पंधरवड्यातून एकदा क्लच दाबून सर्व गिअर फिरवावेत.

ऑटोमॅटिक गिअरच्या मोटारहोममध्ये हाच बिघाड अधिक घातक ठरतो. केबलचे टोक निसटले, तर लिव्हर ‘पी’वर दिसतो, पण गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये किंवा गिअरमध्येच राहतो, उतारावर माणसे झोपलेली असताना गाडी चालू लागू शकते. केबलच्या टोकाचा बुश झिजून निसटण्याच्या याच धोक्यापायी फोर्डने २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे २९ लाख मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. अशा गाडीत तात्पुरती तार बांधून पुढे जाण्याचा मोह टाळावा, आणि एरवीही ‘पी’ टाकला तरी हँडब्रेक ओढावाच.

नवी केबल मागवताना मोटारहोम बांधणाऱ्या कंपनीचे नाव फारसे उपयोगी पडत नाही. मूळ गाडीचा चासी क्रमांक आणि गिअरबॉक्सचा प्रकार द्यावा, तसेच स्टिअरिंग डावीकडे आहे की उजवीकडे, हेही सांगावे. त्यावरून केबलची लांबी बदलू शकते.