गर्भाचें माप आणि मातेचा वंश

उदरस्थ गर्भ बाहेरून पाहतां यावा, ही गोष्ट आपल्या पणज्यांना मयसभेइतकीच अद्भुत वाटली असती. ती शक्य करणारें यंत्र मूळचें वैद्याच्या घरचें नव्हे. पोलादांतील भेगा हुडकण्यासाठीं कारखान्यांतून तें वापरीत. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनल्ड यांनीं दोघां सहकाऱ्यांसह १९५८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पुढें गर्भाचें डोकें, पोट व मांडीचें हाड मोजण्याची विद्या वाढीस लागली.

माप आलें कीं मागोमाग प्रमाण येतें. आणि तें प्रमाण कोणाचें, यांतच सारी गोम आहे. १९९१ सालीं ह्यूस्टनच्या हॅडलॉक यांनीं गर्भाच्या वजनाचें जें कोष्टक दिलें, तें ३९२ गर्भवतींवर आधारलेलें होतें. त्या बहुतेक मध्यमवर्गीय गौरवर्णीय होत्या. हें कोष्टक देशोदेशीं प्रचारांत आलें. आई लहानखुरी, मूलही लहानखुरें. पण कोष्टक म्हणतें, वाढ खुंटली! अशा शेऱ्यानें घरांतील माणसांची झोप कशी उडते, हें निराळें सांगावयास नको.

पुढें पंडितांत दोन पक्ष पडले. आठ देशांतील निरोगी व सुस्थितींतील स्त्रियांची पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत आपलें नागपूरही होतें. डोक्याच्या घेरांत जो एकंदर फरक आढळला, त्यांपैकीं अवघा २.६ टक्के स्थलभेदामुळें होता. उलट २०१५ सालच्या अमेरिकन पाहणींत ३९ व्या आठवड्यास गर्भाचें मध्यम वजन गौरवर्णीयांत ३५०५ ग्रॅम, तर आशियाई वंशीयांत ३२७० ग्रॅम भरलें. गोऱ्यांचें माप लावल्यास इतरांचे १५ टक्क्यांपर्यंत गर्भ तळच्या पांच टक्क्यांत पडते!

मला स्वतःला ‘वंश’ हा शब्द येथें फार ढोबळ वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ सालच्या पाहणींत देशादेशांत फरक दिसलाच. परंतु मातेचें वय, उंची, वजन, पूर्वीचीं बाळंतपणें आणि गर्भाचें लिंग यांचाही परिणाम दिसला. शिवाय आपल्यापुरतें वेगळें कोष्टक केलें, तर पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार निसर्गाच्या नांवावर जमा होण्याची भीति आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५ किलो, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. पण ही उणीव सर्वांगीं सारखी नव्हती: पोट लहान, स्नायू थोडे, आणि त्वचेखालची चरबी मात्र बहुतांशीं शाबूत.