व्हायोलिनचा भार कोणी वाहायचा?

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरला गोंधळी संबळ कसा वाजवतात ते आठवून पाहा. संबळ कमरेला बांधलेला असतो. त्याचे वजन कमरेवर येते, कमरेकडून पायांवर आणि पायांकडून जमिनीवर जाते. हातांना फक्त काठ्या चालवायच्या असतात. म्हणूनच संबळवादक उभ्याने तासन्‌तास साथ करू शकतो. कोणतेही वाद्य हाती घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे: भार कोण वाहतो आणि सूर कोण काढतो? ही दोन्ही कामे एकाच स्नायूवर पडली की हात लवकर थकतो. व्हायोलिनच्या इतिहासातला मोठा भाग या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी खर्ची पडला आहे.

व्हायोलिन सोळाव्या शतकात इटलीत आकाराला आले. आरंभी ते छातीशी किंवा खांद्यापाशी टेकवून वाजवत. जेमिनियानी या वादकाच्या १७५१ सालच्या पुस्तकातही ते गळ्याखालच्या हाडाच्या किंचित खाली टेकवावे असे सांगितले आहे. पुढे रचना अवघड होत गेल्या, डावा हात तारांवरून वरखाली धावू लागला आणि अडचण उभी राहिली. हात घोडीकडे सरकतो तेव्हा वाद्य खांद्याकडे ढकलले जाते, त्याची चिंता नाही. परंतु हात मागे येताना वाद्यालाही सोबत ओढतो. मग ते धरायचे कोणी? उत्तर मिळाले: हनुवटीने. १८२० च्या सुमारास जर्मन वादक लुई श्पोर याने हनुवटी टेकवण्यासाठी वाद्याला एक लाकडी तुकडा बसवला. आजचे चिनरेस्ट त्यातूनच आले.

या उत्तराची किंमत किती, ते तरफेच्या नियमाने काढता येते. व्हायोलिनचे वजन सुमारे ४५० ग्रॅम आणि लांबी सुमारे ६० सेंमी असते. खांदा हा टेकू धरू. गुरुत्वमध्य टेकूपासून २० सेंमी पुढे आणि हनुवटी ५ सेंमी मागे आहे असे ढोबळपणे मानू. तर ४५० × २० ÷ ५ म्हणजे १८०० ग्रॅम! अर्ध्या किलोहूनही हलके वाद्य केवळ हनुवटीने तोलायचे, तर जवळजवळ दोन किलोचा दाब द्यावा लागतो. प्रत्यक्षात डावा हातही थोडा आधार देतो. पण जितका आधार तो देईल तितके त्याचे स्वातंत्र्य कमी होते.

आता भारताकडे वळू. मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनी मद्रासेत युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले. आपल्याकडे गायक-वादक मांडी घालून बसतात. त्या बैठकीत व्हायोलिनला नवा टेकू मिळाला. एक टोक खांद्या-छातीशी आणि दुसरे टोक, म्हणजे खुंट्यांकडचे डोके, उजव्या पायाच्या घोट्यापाशी. वरचाच हिशेब पुन्हा करा. दूरचे टोक टेकूपासून ५५ सेंमीवर आहे. तेव्हा पायावर ४५० × २० ÷ ५५, म्हणजे सुमारे १६५ ग्रॅम भार येतो, उरलेला खांद्यावर. हनुवटीला कामच उरत नाही! शिवाय हात मागे येताना वाद्य ओढले जाते ते पायाशी अडते. मींड आणि गमक यांवर उभ्या असलेल्या संगीताला हीच सोय हवी होती.

महाराष्ट्र-गोव्यात या बैठकीने मोठी परंपरा घडवली. पं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) हे गायक आणि व्हायोलिनवादकही. गोव्याचे श्रीधर पार्सेकर, मुंबईत जन्मून लखनौ व कलकत्त्यात रमलेले पं. वि. गो. जोग (१९२२–२००४) आणि गायकी अंगाने वाजवणारे पं. डी. के. दातार (१९३२–२०१८) यांची नावे जाणकारांना ठाऊक आहेत. त्याच काळात मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतील गोमंतकीय वादक पाश्चात्त्य पद्धतीने, हनुवटीखाली व्हायोलिन धरून वाजवत होते. एकाच शहरात एकाच वाद्याच्या दोन बैठका सुखाने नांदल्या. प्रत्येक बैठक आपापल्या संगीताच्या गरजेतून आली होती.

पण बैठक सुधारली म्हणजे सारे साधले असे नाही. यहुदी मेन्युहिन (१९१६–१९९९) बालपणीच जगप्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले. त्यानंतर मात्र हात पूर्वीसारखा चालेना. लहानपणी सारे उपजत जमले होते. ते कसे जमते हे त्याने कधी तपासलेच नव्हते. १९५२ साली तो भारतात आला तेव्हा मुंबईत त्याची गाठ पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांच्याशी पडली. थकलेल्या मेन्युहिनने त्यांना पाचच मिनिटे देऊ केली होती. अय्यंगारांनी त्याला शवासनात निजवले आणि त्याला गाढ झोप लागली! पुढे १९५४ साली त्याने अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. आपला सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक अशा अर्थाचे शब्द कोरलेले घड्याळ त्याने त्यांना भेट दिले. अय्यंगार व्हायोलिन वाजवत नव्हते. त्यांनी शिकवले ते इतकेच, की ज्या स्नायूचे काम नाही त्याला सोडून द्यावे. मेन्युहिनने पुढे व्हायोलिनचे धडे लिहिले, त्यांतही श्वास आणि शरीराचे व्यायाम आधी येतात.

उजव्या हाताच्या सुखाचे गणित एका भारतीय शास्त्रज्ञाने मांडले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ साली कलकत्त्याहून गजाने छेडलेल्या तारांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. नंतर त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रही बनवले. त्यात गज स्थिर राही आणि व्हायोलिन पुढेमागे सरके. स्वर टिकण्यासाठी गजाचा किमान किती दाब लागतो, हे त्यांनी तपासले. गजाचा वेग दुप्पट केला की हा दाब दुप्पट लागतो. गज घोडीपासून निम्म्या अंतरावर आणला की चौपट लागतो. १९७३ साली शेलेंग यांनी दाखवले की दाबाला कमाल मर्यादाही असते. ती ओलांडली की स्वर कर्कश होतो. म्हणजे सूर फाटला की आणखी जोराने दाबणे हा उपाय नव्हे. गजाचा वेग आणि जागा आधी पाहावी.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. ६० सेंमीची काठी टेबलावर अशी ठेवा, की ५ सेंमी टेबलावर आणि ५५ सेंमी बाहेर राहील. कडेपासून २० सेंमीवर अर्ध्या किलोला थोडी कमी वाळूची पिशवी टांगा. आता आतले टोक एका बोटाने दाबून काठी आडवी ठेवा. बोट किती वेळ टिकते? मग मित्राला दूरच्या टोकाखाली एक बोट धरू द्या. दाब लागेनासा होतो, हे मुलांना शब्दांवाचून कळेल.

आपल्याकडे दुखण्याला तपश्चर्या समजण्याची सवय आहे. पेटी, व्हायोलिन शिकणारे किंवा नुसते अक्षर गिरवणारे मूल हात दुखतो म्हणाले, की "होईल सवय" हे उत्तर तयार असते. सवय होतेही, पण बऱ्याचदा ताणाची. रियाज हवाच. मात्र मान आखडली, बोटांना मुंग्या आल्या, तर तिथेच थांबून भार कुठे पडतो ते पाहावे. दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. लेखणी घट्ट आवळून धरलेल्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याच्या बाकाची उंची एकदा मोजून पाहायला काय हरकत आहे?