दोषांतून स्वर: मिरजेची जवारी

सभागृहांत ध्वनिक्षेपक लावला असतां वक्ता तोंड उघडण्यापूर्वींच एक कर्कश शीळ उठते आणि श्रोते कानांवर हात ठेवतात, हा अनुभव कोणास नाहीं? कर्ण्यांतून निघालेला आवाज पुन्हां मायक्रोफोनांत शिरतो, तेथून वाढून पुन्हां कर्ण्यांतून बाहेर पडतो, आणि हें चक्र क्षणार्धांत अनावर होतें. यासच फीडबॅक म्हणतात. यंत्रज्ञांच्या दृष्टीनें हा निव्वळ दोष होय. परंतु विजेची गिटार वाजविणाऱ्यांनीं त्यालाच स्वरांच्या पंक्तींत बसविलें. कर्ण्याचा आवाज तारेला पुन्हां कंपित करतो. वादक कर्ण्यापासून किती अंतरावर व कोणत्या कोनांत उभा राहतो, यावरून ती कोणत्या स्वरांत गुंजत राहील हें ठरतें. १९६४ सालीं बीटल्स मंडळींच्या ‘आय फील फाइन’ या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ अशाच स्वरानें झाला. आणि १९६९ सालीं वुडस्टॉक येथें जिमी हेंड्रिक्स यानें अमेरिकेचें राष्ट्रगीत वाजवितांना या ध्वनीला आक्रोशाचें रूप दिलें.

ही कथा ऐकून आम्हांस मिरज आठवते. कारण दोषाला शिस्त लावून त्याचा गुण करण्याची विद्या तेथें फार पूर्वींपासून नांदत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेब यांनीं तंतुवाद्यांचें काम हातीं घेतलें. तलवारींचा काळ मावळला होता. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयास गवई येत होते, आणि त्यांच्या वाद्यांना कुशल हात हवे होते. शस्त्राची धार पारखणारी बोटें तारेची धार पारखूं लागलीं. शिकलगारांचे सतारमेकर झाले, आणि त्यांची गल्ली देशभर प्रसिद्धीस आली.

त्यांच्या कारागिरीचा गाभा पंढरपूरकडून येणाऱ्या भोपळ्यांत नाहीं, तुणीच्या लांकडांतही नाहीं. तो जवारींत आहे. व्हायोलिनच्या घोडीची कड अरुंद असते, कारण तार मोकळी सुटावी व कोठें घासूं नये, असा तिचा हेतु. आमच्या तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद व किंचित् उतरती असते. तार हलली कीं त्या पृष्ठाला वारंवार स्पर्श करते. हाच स्पर्श अंमळ अधिक झाला तर केवळ खरखर ऐकूं येते, कमी झाला तर आवाज मुका होतो. कारागीर कानसेनें केसाएवढें घांसतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हां घांसतो. शेवटीं तारेखालीं सुताचा धागा सरकवितो आणि एका क्षणीं तार बोलूं लागते. तिच्या मूळ स्वरावर उपस्वरांची पालवी फुटते.

या चमत्काराची शास्त्रीय दखल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं घेतली. तार ज्या बिंदूवर छेडली असतां एखादा उपस्वर उमटूं नये असा यंग यांचा नियम आहे, तेथेंच छेडूनही तंबोऱ्यांत तो उपस्वर स्पष्ट ऐकूं येतो, असें त्यांनीं दाखविलें.

गिटारीशीं हें साम्य पूर्ण नव्हे, हें मान्य केलें पाहिजे. गिटारीला वीज सतत नवें बळ पुरविते. तंबोऱ्याला बोटाच्या एका छेडीवरच निर्वाह करावा लागतो. तथापि दोहोंकडे कसोटी एकच: अनावर होऊं पाहणाऱ्या ध्वनीला कोठें थांबवावें, हें ओळखणारा कान. मिरजेंत स्थायिक झालेले अब्दुल करीमखाँ स्वतः वाद्यदुरुस्तींत तरबेज होते. १९३७ सालीं ते निवर्तले. त्यांची समाधि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारांत आहे. तंबोऱ्याच्या त्या गुंजनाशीं एकरूप होणारा त्यांचा स्वर ज्यांनीं ध्वनिमुद्रिकांवरून ऐकला आहे, त्यांस जवारीचें मोल निराळें सांगावयास नको.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकन नांवाचें रक्षण करतें, कानाचें नाहीं. आज पुष्कळ घरांतून तंबोऱ्याच्या जागीं विजेची पेटी गुणगुणते. तिचा स्वर ढळत नाहीं, तिला घांसावें लागत नाहीं. आणि म्हणूनच तिच्यापाशीं बसून कोणी ऐकावयास शिकत नाहीं. जवारी मात्र वाजविण्यानें झिजते व पुन्हां काढावी लागते. जोंपर्यंत ती काढून घ्यावयास गवई कारागिराच्या दारीं जात आहे, तोंपर्यंतच ही विद्या जिवंत राहील. घरांत कोपऱ्याला उभा केलेला तंबोरा असेल, तर त्याची गवसणी एकदां उतरावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.