घरची विद्या आणि शाळेची विद्या

मुलांनीं घरीं शिकावें कीं शाळेंत जावें, हा वाद आजकाल पुनः ऐकूं येतो. घर सुरक्षित आणि तेथील शिक्षणहि अधिक कसदार, असें एका पक्षाचें म्हणणें आहे. या वादांत एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीय स्त्रीशिक्षणाचा इतिहास साक्षीस बोलाविला, तर ती साक्ष दोन्ही पक्षांस अडचणीची ठरते.

केवळ फळाकडे पाहिलें तर घराची बाजू वरचढ दिसते. पंडिता रमाबाईंस संस्कृत शिकविलें तें त्यांच्या आईनें. १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. आनंदीबाई जोशी यांच्या विद्येचा पाया गोपाळरावांनीं घरींच घातला. १८८६ सालीं त्या अमेरिकेंत डॉक्टर झाल्या. उलट शाळेची वाट धोक्याची होती. १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं पुण्यास भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाईंवर लोकांनीं शेण व चिखल फेकला.

परंतु घर खरोखरच निर्भय होतें काय? अभ्यासापायीं पतीचा मार खाल्ल्याचें आनंदीबाईंनीं स्वतःच पत्रांत लिहिलें आहे. रमाबाई रानडे यांस पती शिकवीत, म्हणून घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं त्यांचा छळ केला. ती हकीकत त्यांच्या १९१० सालच्या आठवणींत आहे. रस्त्यावरचा चिखल सर्व गांवास दिसला. माजघरांतील जाच मात्र तो सोसणारीनें लिहिला तेव्हांच जगास कळला. ज्यांनीं लिहिलें नाहीं, त्यांचें काय?

फळांचीहि तीच गोष्ट. घरीं शिकून नांवारूपास आलेल्या स्त्रियाच आपणांस ठाऊक आहेत. ज्यांचा धडा अर्ध्यावर राहिला, त्यांची नोंद कोणत्याहि हजेरीपटांत नाहीं. शिवाय विद्वान् आई किंवा हौशी पति किती घरांत असणार? फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखाविषयींचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'ंत प्रसिद्ध झाला. ज्या समाजास अक्षरच नाकारलें होतें, त्यांतील मुलीस तें घरीं कोण शिकविणार होतें?

घरची विद्या थोर खरी; पण ती दैवाधीन होती. शाळेनें तो योगायोग मोडून विद्येचा हक्क निर्माण केला. म्हणून 'घर कीं शाळा' असें विचारण्यापूर्वीं, मुलाचें रडणें चौथ्या माणसास ऐकूं जातें कीं नाहीं, हें आधीं विचारावें.