धूर बाहेर जाणार कसा? पेलेट स्टोव्हच्या पाइपामागचा अडीचशे वर्षांचा इतिहास

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी नेहमी एक सराव सुचवते. एखाद्या साध्या वस्तूची माहितीपुस्तिका घ्या, त्यातला एकच आकडा निवडा आणि विचारा, हा आकडा इथे आला कुठून? आज आपण तो सराव एकत्र करून बघू. वस्तू आपल्या घरातली नाही. उत्तर अमेरिकेतल्या थंड प्रदेशात घर गरम ठेवायला वापरतात तो पेलेट स्टोव्ह आणि त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप, हा आजचा विषय.

आधी वस्तू समजून घेऊ. लाकडाचा भुसा दाबून साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या छोट्या कांड्या बनवतात, त्या म्हणजे पेलेट. स्टोव्हच्या टाकीत त्या ओतायच्या. आतला एक फिरता स्क्रू त्या थोड्या थोड्या करून जळणाच्या भांड्यात टाकतो आणि विजेवरचा पंखा हवा खेळवतो. हाच स्टोव्ह भिंतीतल्या जुन्या विटांच्या फायरप्लेसमध्ये सरकवून बसवायच्या आकाराचा असेल, तर त्याला इन्सर्ट म्हणतात. म्हणजे जुन्या घराच्या जुन्या चिमणीखाली नवं यंत्र. खरी गोष्ट सुरू होते ती याच जागी.

आता आकडा. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकांत पाइपाची एक 'समतुल्य लांबी' मोजायला सांगितलेली असते. आडव्या पाइपाचा प्रत्येक फूट १ धरायचा, उभ्या पाइपाचा अर्धा. ४५ अंशांच्या वळणाला ३ फूट, ९० अंशांच्या वळणाला किंवा टी-जोडाला ५ फूट. बेरीज १५ च्या वर गेली तर ३ इंची पाइप सोडून ४ इंची घ्यायचा. घर समुद्रसपाटीपासून बरंच उंच असेल तरीही ४ इंचीच.

ही यादी पाठ करून माणूस पाइप बसवू शकतो. पण संशोधक इथे थांबत नाही. वळणाला लांबी का? आडवा फूट महाग आणि उभा स्वस्त का? आणि वर एवढी मोठी विटांची चिमणी उभी असताना तिच्या आतून पुन्हा वेगळा पाइप कशाला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इतिहासात आहेत.

चला, १७४४ सालात जाऊ. बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात एक पुस्तिका छापली, 'पेनसिल्व्हेनियन फायरप्लेस' नावाच्या नव्या शेगडीची. त्यांचा हिशोब अचूक होता: उघड्या फायरप्लेसमधली बरीचशी उष्णता चिमणीवाटे वाया जाते. म्हणून त्यांनी धुराला सरळ वर जाऊच दिलं नाही. तो आधी एका पोकळ लोखंडी पेटीवरून पलीकडे जायचा, मग मागच्या बाजूने खाली उतरायचा आणि जमिनीखालून चिमणीत शिरायचा. वाटेत पेटीतली हवा तापायची आणि खोलीत यायची.

कागदावर कल्पना सुंदर आहे. पण धूर वर चढतो तो गरम आणि हलका असतो म्हणून. त्याची उष्णता काढून घ्यायची आणि वर त्याला खाली उतरायलाही सांगायचं, म्हणजे ज्या ताकदीवर तो चालतो तीच कमी करायची. विस्तव मंद झाला की ओढ तुटायची. पुढे 'फ्रँकलिन स्टोव्ह' या नावाने ज्या शेगड्या खपल्या, त्यांतल्या बहुतेकांत ती उलटी वाट उरलीच नव्हती.

इथे साधनांबद्दल एक गोष्ट टिपून ठेवा. आपल्या आत्मचरित्रात फ्रँकलिन सांगतात, की गव्हर्नरांनी देऊ केलेलं पेटंट त्यांनी नाकारलं. इतरांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, तसा आपल्या शोधाचा इतरांना व्हावा, ही त्यामागची भूमिका. आपण लगेच भारावून जातो. पण त्याच ठिकाणी ते हेही मोकळेपणाने सांगतात, की शेगडीचे लोखंडी पत्रे त्यांचा मित्र रॉबर्ट ग्रेस ओतत असे आणि मागणी वाढावी म्हणून ती पुस्तिका लिहिली. म्हणजे आपल्या हातातलं साधन एकाच वेळी वैज्ञानिक निबंधही आहे आणि जाहिरातही. त्यामुळे ते टाकाऊ ठरत नाही. त्यातलं कुठलं वाक्य कशासाठी लिहिलंय, हे मात्र वेगळं करून वाचावं लागतं. आणि हेही लक्षात ठेवा, की फ्रँकलिन यांनी विषय सोडला नाही. १७८५ मध्ये युरोपातून जहाजाने घरी परतताना त्यांनी यान इंगेनहाउझ यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय होता, चिमण्या धूर का ओकतात आणि त्यावर उपाय काय.

दुसरा माणूस बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे काउंट रमफर्ड. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव तोफेच्या नळीमुळे माहीत असतं. नळीला भोक पाडताना उष्णता संपतच नाही हे दाखवून १७९८ मध्ये त्यांनी उष्णता हा पदार्थ असल्याच्या कल्पनेला धक्का दिला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७९६ मध्ये, त्यांनी फायरप्लेसवर निबंध लिहिला होता. लंडनमधली फायरप्लेस खोल आणि चौकोनी असायची, आणि चिमणीचा घसा एवढा रुंद, की झाडू मारणारा पोरगा आत शिरू शकेल. त्या घशातून खोलीतली गरम हवा तर जायचीच, वर धूर उलटा फिरून खोलीतही यायचा. रमफर्डनी मागची भिंत पुढे घेतली, तिची रुंदी समोरच्या तोंडाच्या साधारण एक तृतीयांश केली, बाजूच्या भिंती १३५ अंशांत तिरक्या केल्या आणि घसा अवघा ४ इंच खोल ठेवला.

त्या काळच्या माणसाला हे उफराटंच वाटलं असणार. धूर कोंडतोय, तर वाट मोठी करा, असं कुणीही म्हणेल. रमफर्ड म्हणाले, वाट लहान करा. कारण वाट अरुंद झाली की सोबत जाणारी फालतू हवा कमी होते, धूर गरम राहतो आणि ओढ टिकते. वरच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच लपलंय.

आता थोडं गणित करू, घाबरू नका. चिमणीची ओढ म्हणजे बाहेरच्या थंड हवेच्या आणि आतल्या गरम वायूच्या घनतेतला फरक, गुणिले उंची, गुणिले गुरुत्वीय त्वरण. बाहेर शून्य अंश सेल्सिअस असेल तर हवेची घनता घनमीटरला साधारण १.२९ किलो. पाइपातला वायू सरासरी १०० अंशांवर असेल तर साधारण ०.९५ किलो. उंची ७ मीटर धरली, तर ओढ सुमारे २४ पास्कल येते. तोच वायू थंड होऊन सरासरी ४० अंशांवर आला, तर ओढ ११ पास्कलच्या आसपास. वातावरणाचा दाब लाखभर पास्कल असतो, त्यापुढे हा आकडा म्हणजे दर्यामे खसखस. पण धुराचा सगळा संसार एवढ्यावरच चालतो.

आता १२ बाय १२ इंची जुनी चिमणी घ्या. तिचं क्षेत्रफळ १४४ चौरस इंच. ४ इंची गोल पाइपाचं क्षेत्रफळ साधारण १२.६. म्हणजे पाइपातला धूर त्या चिमणीत सोडला, तर त्याचा वेग जवळपास अकरा पटींनी पडतो. थंड विटांच्या सहवासात तो रेंगाळतो, गार होतो, ओलावा आणि काजळी भिंतीला धरते, ओढ संपते. म्हणून इन्सर्ट बसवताना चिमणीच्या आतून थेट माथ्यापर्यंत स्टेनलेस स्टीलची वेगळी नळी नेणं सगळ्यात चांगलं. जुना घसा पत्र्याने बंद करायचा आणि माथ्यावर टोपी बसवायची.

हा शहाणपणा फुकट आलेला नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत लोक पुन्हा लाकडाकडे वळले. त्या दशकात लाकूड जाळणारे कितीतरी इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये ढकलून बसवले गेले, वर नळी न जोडताच. धूर मोठ्या चिमणीत सुटायचा, गार व्हायचा आणि क्रिओसोट नावाचा डांबरासारखा थर भिंतीवर साचायचा. तो थर पेटला की चिमणीच पेटते. धुराची वाट हा मुळात जिवाचा प्रश्न आहे. विझत आलेल्या विस्तवातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो.

मग आला पेलेट स्टोव्ह. १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातले विमान अभियंते जेरी व्हिटफिल्ड यांनी घरगुती पेलेट स्टोव्ह बाजारात रुजवला. इथे इतिहासाने एक मोठं वळण घेतलं. फ्रँकलिनपासून सगळ्यांची चिमणी वरून धूर *ओढत* होती. पेलेट स्टोव्हमधला पंखा जळणाच्या पेटीतून वायू खेचतो आणि पाइपात *ढकलतो*. आपल्याकडच्या फुंकणीचं काम यंत्राने केलं म्हणा, फक्त फुंकर विस्तवाच्या पुढच्या बाजूला बसली.

परिणाम काय? जुन्या चिमणीत आतला दाब खोलीपेक्षा कमी असायचा. फट राहिलीच तर खोलीतली हवा चिमणीत जायची. पेलेटच्या पाइपात दाब जास्त असतो. फट राहिली तर धूर खोलीत येतो. म्हणून या पाइपाला दुहेरी भिंत आणि प्रत्येक सांध्याला उष्णता सोसणारं सीलबंद जोडकाम लागतं. दिसायला तोच पाइप, पण भौतिकशास्त्र उलटं. सुरुवातीला वाचताना मीही 'चिमणी' आणि 'पेलेटचा पाइप' हे एकाच खणात टाकले होते आणि त्यामुळे अर्ध्या नियमांचा अर्थच लागत नव्हता. दोन गोष्टींचं काम सारखं असलं म्हणजे तत्त्वही सारखं असतं असं नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता ती यादी पुन्हा वाचा. पंख्याची ताकद मर्यादित, म्हणून प्रत्येक वळणाचा अडथळा सरळ पाइपाच्या फुटांत मोजायचा. आडवा पाइप नुसता घर्षण देतो. उभा पाइप घर्षणासोबत थोडी ओढही देतो, म्हणून त्याला अर्धी किंमत. उंचावर हवा विरळ, तेवढ्याच ऑक्सिजनसाठी जास्त आकारमानाची हवा खेळवावी लागते, म्हणून पाइप मोठा. एक उदाहरण करू: इन्सर्टच्या मागे एक टी-जोड, वर २४ फूट उभी नळी. ५ अधिक १२, म्हणजे १७. आकडा १५ च्या वर गेला, ४ इंची नळी घ्या. आणि वीज गेली तर? पंखा थांबतो, पण विस्तव लगेच विझत नाही. तेव्हा उरलेला धूर बाहेर काढायला ती उभी उंची, म्हणजे रमफर्डच्या काळातलीच ओढ, उपयोगी पडते. जुनं तत्त्व मोडीत निघालं नाही, ते राखीव फळीत जाऊन बसलं.

एक शेवटचा धागा. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लाकडी स्टोव्हच्या धुरावर मर्यादा घातली. पण इंधनाच्या ३५ पटींहून जास्त हवा वापरणारी उपकरणं त्या नियमातून वगळली होती, कारण ती मुळात उघड्या फायरप्लेससारखी मानली गेली. काही पेलेट स्टोव्ह या सवलतीत बसले. आता विचार करा. गरजेपेक्षा जास्त हवा आत घेतली की ती तापवण्यात उष्णता जाते आणि पाइपातून बाहेर पडते. म्हणजे हवा वाचवण्यापेक्षा हवा उधळणं कायद्याच्या दृष्टीने सोयीचं ठरत होतं. ही फट २०१५ च्या नव्या नियमांनी बुजवली आणि २०२० पासून मर्यादा ताशी २ ग्रॅम कणांवर आणली. फक्त भौतिकशास्त्र वाचणाऱ्याला त्या जुन्या स्टोव्हमधली जास्तीची हवा अभियंत्याची चूक वाटेल. कायदा वाचणाऱ्याला तिचं कारण दिसेल.

म्हणून सांगते, तुमच्या विषयातला एखादा 'सगळ्यांना माहीत असलेला' आकडा आज शोधा. त्याच्या मागे निसर्गाचा नियम किती, जुन्या अपघातांची आठवण किती आणि कायद्याची चौकट किती, असे तीन रकाने आखा. कुठला रकाना रिकामा राहतोय ते बघा. बहुतेक वेळा तुमचा संशोधन-प्रश्न त्याच रकान्यात असतो.